गोदीतला हमाल आणि पत्र्याची पेटी

१९५४ साली ‘वॉरियर’ नावाचं मालवाहू जहाज न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या धक्क्यावरून निघून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला पोचलं. ना वादळ, ना अपघात. तरी ही सफर इतिहासात राहिली, कारण अमेरिकी सरकारनं या एका खेपेचा पै-पैचा हिशेब मांडून घेतला होता. जहाजावर सुमारे ५,००० टन माल होता आणि त्याचे नग भरले १,९४,५८२. लाकडी खोकी, पुठ्ठ्याची खोकी, पोती, पिंपं, गठ्ठे, डबे, टपाल, वर ५३ वाहनं. हा माल १५१ गावांहून १,१५६ खेपांनी धक्क्यावर आला होता, पहिली खेप तर जहाज सुटायच्या महिनाभर आधी. प्रत्येक नग कुणीतरी हातानं उतरवला, मोजला, वहीत लिहिला, जाळ्यात रचला, क्रेननं जहाजाच्या पोटात सोडला आणि तिथं दुसऱ्या कुणीतरी पाठीवर घेऊन जागेवर लावला. वाटेत हिंदकळून माल फुटू नये म्हणून नुसतं लाकूड आणि दोर लागले ते ५,०३१ डॉलरचे.

जहाज भरायला सहा दिवस गेले, त्यातला एक संपात. अटलांटिक ओलांडायला साडेदहा दिवस लागले. पलीकडे रात्रंदिवस काम करून माल उतरवायला चार दिवस. एकूण खर्च २,३७,५७७ डॉलर. आता खरी गंमत पाहा. या खर्चात समुद्रप्रवासाचा वाटा होता जेमतेम साडेअकरा टक्के. दोन्ही बंदरांतल्या चढउतारीवर मात्र सुमारे ३७ टक्के रक्कम गेली होती. वाफेची इंजिनं आली, सुएझचा कालवा खोदला गेला, मग डिझेल आलं. शंभर वर्षं माणसानं डोकं खपवलं ते समुद्र ओलांडण्यावर, आणि पैसा बुडत होता धक्क्यावर.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात छापखान्याला, वाफेच्या इंजिनाला, तारायंत्राला मानाची पानं मिळतात. पत्र्याच्या रिकाम्या पेटीला कोण विचारतो? तिच्यात ना चाक, ना इंजिन, ना तार. पण गेल्या सत्तर वर्षांत किती शहरांचं पोट कुठून भरायचं आणि कुणाचं काम कुठं जायचं, हे या पेटीनं जितकं ठरवलं तितकं फार थोड्या यंत्रांनी ठरवलं असेल. म्हणून हे प्रकरण तिच्यावर.

पेटीच्या आधीची गोदी कशी होती ते आधी पाहू. जहाज लागलं तर काम, नाही लागलं तर नाही, असा तो धंदा. न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर सकाळी माणसं अर्धवर्तुळात उभी राहायची आणि मुकादम बोट दाखवून त्या दिवसाचे गडी निवडायचा. निवड व्हावी म्हणून त्याचे हात ओले करावे लागत. १९५४ सालीच आलेल्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’ या सिनेमात मार्लन ब्रँडोनं हेच जग उभं केलं. मुंबईत धक्क्यावरचे मजूर टोळीवाल्या कंत्राटदारांमार्फत येत. रोजंदारी आणि लाचार वाट पाहणं तेच. १९४८च्या कायद्यानं गोदी कामगारांची नोंदणी सुरू झाली, त्यातून डॉक लेबर बोर्डं उभी राहिली आणि काम नसलेल्या दिवसाचेही काही पैसे हातात पडू लागले. हे आपोआप झालं नाही. पी. डिमेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी त्यासाठी संप केले, तुरुंग पाहिले. मुंबईत गोदीला लागून जाणारा रस्ता आज त्यांच्या नावानं ओळखला जातो.

सुटा माल एकत्र कोंबण्यात धोकाही होता. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, त्याचं मूळ त्याच्या मालाच्या यादीतच होतं. युद्धासाठी पाठवलेला सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा घेऊन ते कराचीला आलं. तिथं काही माल उतरल्यावर जागा रिकामी झाली. जागा रिकामी न्यायची नाही हा जहाजाच्या धंद्याचा नियम, तेव्हा कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक असं मिळेल ते भरून घेतलं. मुंबईत कापसानं पेट घेतला आणि संध्याकाळी चारच्या सुमाराला दारूगोळा उडाला. शेकडो माणसं गेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या, सोन्याच्या विटा पार शहरात जाऊन पडल्या.

आता मॅल्कम मॅकलीन. १९१३ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामध्ये मॅक्सटन या गावी जन्मलेला हा माणूस दर्यावर्दी नव्हता, ट्रकवाला होता. १९३४मध्ये एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू करून त्यानं देशातल्या मोठ्या ट्रक कंपन्यांपैकी एक उभी केली. पन्नाशीच्या दशकात पूर्व किनाऱ्यावरचे हमरस्ते तुंबू लागले, तेव्हा त्याला वाटलं, आपले ट्रेलर सरळ जहाजावर चढवून पुढच्या बंदरात उतरवले तर? मग लक्षात आलं की चाकं उगाच जागा खातात. चाकं आणि सांगाडा खालीच सोडायचा, वरची पेटी तेवढी उचलायची. म्हणजे त्या एकावर एक रचताही येतात. ट्रक आणि जहाज दोन्ही एकाच मालकाच्या हाती राहू देणं तिथल्या कायद्याला मंजूर नव्हतं. जमवलेला ट्रकचा धंदा सोडून त्यानं १९५५ साली जहाज कंपनी विकत घेतली. त्याच्या कल्पनेपेक्षा मला या निर्णयाचं जास्त कौतुक वाटतं.

२६ एप्रिल १९५६ला ‘आयडियल एक्स’ हे दुसऱ्या महायुद्धातलं जुनं तेलवाहू जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. त्याच्या डेकवर ५८ पेट्या होत्या. पोचल्यावर हिशेब केला. त्या काळी सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे ५ डॉलर ८३ सेंट पडत. इथं पडले १६ सेंटांहूनही कमी. एवढी घसरण पाहून कुठलाही व्यापारी आकडे पुन्हा तपासून पाहील.

पेट्या मॅकलीनच्या आधीही होत्या. इंग्लंड-फ्रान्सच्या रेल्वे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या वापरत होत्या. पण जुन्या जहाजात, जुन्या क्रेननं चढवलेली पेटी म्हणजे आणखी एक अवजड नग. जहाज, क्रेन, ट्रक आणि धक्का हे सगळंच पेटीच्या मापानं नव्यानं बेतायला हवं, हे मॅकलीनला कळलं. आणि ते बेतून दिलं कीथ टँटलिंगर या इंजिनिअरनं. आज रस्त्यावर कंटेनर दिसला तर त्याच्या कोपऱ्याकडे नीट पाहा. आठही कोपऱ्यांवर जाड ओतीव लोखंडाचे ठोकळे असतात आणि त्यांना लांबट गोल भोकं. खालच्या पेटीच्या किंवा ट्रेलरच्या कोपऱ्यावर बोथट सुळका असतो. पेटी अलगद खाली आली की सुळका भोकात शिरतो, दांडा काटकोनात फिरवला की आत अडकून बसतो. ना खिळा, ना दोर, ना साखळी. उचलतानाही तेच, क्रेनची चौकट वरच्या चार भोकांत चार सुळके घालते आणि फिरवते. ‘वॉरियर’वरच्या लाकूड-दोरांचं काम या दांड्याच्या पाव फेऱ्यानं होऊ लागलं.

पुढचं भांडण मापांचं. मॅकलीनच्या पेट्या ३५ फुटी, तर कॅलिफोर्निया आणि हवाई बेटांदरम्यान धंदा करणाऱ्या मॅटसन कंपनीच्या २४ फुटी. एकीची पेटी दुसरीच्या जहाजावर बसेना. समित्यांवर समित्या बसल्या आणि शेवटी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनं धरलेली २० आणि ४० फुटांची मापं जगभर रुळली. ही दोन्ही ना मॅकलीनची, ना मॅटसनची. टँटलिंगरच्या कोपऱ्याच्या कडीचं पेटंट मात्र १९६३मध्ये मॅकलीनच्या कंपनीनं सर्वांना खुलं करून दिलं. हा उदारपणा नव्हता. कडी सगळ्यांची एक झाली तरच पेटी जगभर फिरेल आणि ती फिरली तरच आपला धंदा वाढेल, हा त्यामागचा व्यवहार.

तरीही पेटी जगभर पसरली ती युद्धामुळं. १९६५ साली अमेरिकेनं व्हिएतनाममध्ये फौजा उतरवल्या आणि सायगॉनच्या बंदराबाहेर जहाजांची रांग लागली. माल होता, उतरवायला धक्के नव्हते. मॅकलीननं कॅम रान बे इथं कंटेनरचं बंदर उभारायचं कंत्राट मिळवलं आणि तुंबलेली रसद वाहू लागली. जाताना पेट्या भरलेल्या, येताना रिकाम्या. जायचे पैसे लष्करानं दिलेलेच होते. म्हणून परतीच्या वाटेवर जहाजं जपानला थांबू लागली आणि तिथले रेडिओ-टीव्ही भरून अमेरिकेला नेऊ लागली. जपानी इलेक्ट्रॉनिक मालाला अमेरिकेची वाट अशी स्वस्तात खुली झाली, आणि तिच्या मुळाशी व्हिएतनामला पोचवलेली लष्करी रसद होती.

गोदी कामगारांचं काय झालं, याचं उत्तर सगळीकडे एक नाही, आणि मला या गोष्टीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. पेटी तीच, क्रेन तीच, पण सॅन फ्रान्सिस्कोत एक घडलं आणि लंडनमध्ये दुसरंच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा पुढारी होता हॅरी ब्रिजेस. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा, १९३४चा मोठा संप चालवलेला, सरकारनं देशाबाहेर काढायचा वारंवार प्रयत्न करूनही न हललेला. यंत्र येणारच हे त्यानं ओळखलं होतं. अडवून वेळ काढण्यापेक्षा यंत्राची किंमत वसूल करावी, असं त्यानं आपल्या लोकांना पटवलं. १९६०च्या करारानं मालकांना हवी ती यंत्रं आणायची मुभा मिळाली. बदल्यात त्यांनी कामगारांच्या निधीत वर्षाला ५० लाख डॉलर भरायचे, नोंदणीकृत कामगाराला यंत्रामुळं घरी बसवायचं नाही आणि म्हाताऱ्यांना लवकर निवृत्तीचे पैसे द्यायचे. युनियनमधल्याच अनेकांनी ही विक्री असल्याची टीका केली. ती अगदीच खोटी नव्हती. ज्यांची पक्की नोंदणी होती त्यांचं भलं झालं. जे नवखे, हंगामी होते त्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही.

लंडनमध्ये टिलबरीच्या नव्या कंटेनर धक्क्यावर १९६८पासून कामगारांनी बहिष्कार घातला. त्या भांडणात माल थांबला नाही, त्यानं वाट बदलली. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फेलिक्सस्टो नावाचं छोटं बंदर होतं, इतकं क्षुल्लक की गोदी कामगारांच्या राष्ट्रीय योजनेत त्याचा समावेशही नव्हता. ना जुने करार, ना जुन्या युनियन. पेट्या तिकडं गेल्या आणि ते ब्रिटनचं सर्वांत मोठं कंटेनर बंदर झालं. लंडनचा ईस्ट इंडिया डॉक १९६७ला बंद झाला, सेंट कॅथरीन १९६८ला, वेस्ट इंडिया १९८०ला, रॉयल डॉक्स १९८१ला. ज्या गोद्यांत पावणेदोनशे वर्षं साखर आणि चहा उतरला, तिथं पुढं कॅनरी व्हार्फचे काचेचे मनोरे उभे राहिले आणि बँकांचे लोक कामाला येऊ लागले. गोदी कामगारांच्या मुलांपैकी त्यात कितीजण असतील, याचा अंदाज वाचकानंच बांधावा.

गोदीबरोबर गोदीच्या आजूबाजूचं जगही गेलं. पूर्वी कारखाना बंदराजवळ ठेवण्यात शहाणपण होतं, कारण माल धक्क्यावर न्यायचा खर्च वाचायचा. पेटीनं हा हिशेब मोडला. कापड एका देशात, बटणं दुसऱ्या, शिवण तिसऱ्या देशात असं चालू लागलं. चोरी कमी झाली, विम्याचे हप्ते उतरले. जहाजं तर इतकी फुगली की २०२१च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ ४०० मीटर लांबीचं आणि वीस फुटी पेट्यांच्या मापात सुमारे २०,००० पेट्या मावणारं होतं. ते चालवायला खलाशी होते २५, सगळे भारतीय.

भारतात पहिलं कंटेनर जहाज आलं १९७३ साली, कोचीनला. नाव ‘प्रेसिडेंट टायलर’. मुंबईची गोदी या पेटीसाठी बांधलेलीच नव्हती. प्रिन्सेस डॉक १८८०चा, अलेक्झांड्रा, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४चा. दरवाजे अरुंद, मागं पेट्या रचायला मोकळं मैदान नाही आणि बाहेर पडताच शहराची गर्दी. म्हणून खाडीपलीकडे उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर बांधलं आणि ते २६ मे १९८९ला सुरू झालं. दहा वर्षांनी तिथं देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल आलं. लंडन आणि फेलिक्सस्टोची जोडी मुंबई आणि न्हावा-शेव्यात जवळपास तशीच उतरली. जुन्या बंदरातला मनुष्यबळाचा प्रश्न सोडवण्यापेक्षा नवं बंदर थोड्या माणसांत चालवणं सोपं गेलं. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस डॉक तर भराव टाकून बुजवले, तिथं कंटेनर रचायचे म्हणून. त्यासाठी समुद्रात धक्काही बांधला. पेट्या काही तिथं आल्या नाहीत. त्या धक्क्यावरून मोटारगाड्या जहाजावर चढू लागल्या.

उरणमध्ये सौदा मजुरीचा नव्हता, जमिनीचा होता. भातशेती आणि मिठागरांच्या या पट्ट्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातूनच पुढं प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याचं धोरण आलं. सॅन फ्रान्सिस्कोत जी गोष्ट कराराच्या टेबलावर मिळाली, तिच्यासाठी इथं माणसं मेली. आज जासईहून करळ फाट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना पेट्यांचे मनोरे आणि ट्रेलरच्या रांगा दिसतात. भूमिपुत्रांपैकी काहींचे स्वतःचे ट्रेलर आहेत, काही कंटेनर भरण्या-उतरवण्याच्या यार्डांत कामाला आहेत, आणि बरेच अजून कागदपत्रं घेऊन हेलपाटे घालतात.

हातानं माल उचलणं थांबलं असं मात्र कुणी समजू नये. ते धक्क्यावरून उठून आत, मुलखात गेलं. नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात जानेवारी ते एप्रिलमध्ये कुठल्याही पॅकहाउसमध्ये डोकावून बघा. बायका हातात कात्री घेऊन घडातला एकेक खराब मणी काढतात, अर्ध्या किलोच्या पारदर्शक डब्यांत द्राक्षं भरतात, डबे खोक्यात, खोक्यात गंधकाचा कागद, मग थंड खोलीत. गारठलेला माल आतून थंड राखणाऱ्या ‘रीफर’ कंटेनरमध्ये चढतो, दार लागतं, सील बसतं. कसारा घाट उतरताना ट्रेलरवरच्या जनरेटरचा घुरघुराट चालू असतो, कारण आतलं तापमान शून्याच्या आसपास राहायला हवं. न्हावा-शेव्याला पेटी जहाजावर चढते, तिथं तिला विजेचा प्लग मिळतो, आणि थेट रॉटरडॅमला दार उघडतं. निफाडच्या त्या बाईचा हात लागल्यानंतर द्राक्षाला दुसरा हात लागतो तो युरोपात. पूर्वीच्या गोदीत हे द्राक्ष टिकलंच नसतं. हा फायदा खराच आहे. शेतकऱ्याला तो हवा आहे आणि मिळायलाही हवा. पण २०२३च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबला, भाडं चढलं, आणि येमेनजवळच्या भानगडीचा फटका पिंपळगावच्या बागायतदाराला बसला.

मॅकलीनचं पुढं काय झालं? १९६९ साली त्यानं आपली कंपनी विकली, मग दुसरी घेतली, सावकाश चालणारी अवाढव्य जहाजं बांधली आणि १९८६मध्ये दिवाळं काढलं. तो २००१ साली वारला तेव्हा जगभरच्या कंटेनर जहाजांनी भोंगे वाजवले.

आणि इकडं डहाणूजवळच्या वाढवणच्या नव्या बंदराची ३० ऑगस्ट २०२४ला पायाभरणी झाली. वीस फुटी पेट्यांच्या मापात वर्षाला दोन कोटींहून अधिक पेट्या हाताळण्याची त्याची योजना आहे, न्हावा-शेव्याच्या दुपटीहून अधिक. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विरोध त्याच्याही कित्येक वर्षं आधीपासून चालू आहे. गोदी कामगाराची निदान नोंदणी होती, हजेरी होती, कामाचे दिवस मोजता येत होते. शेतकऱ्याकडे सातबारा होता. कोळ्याच्या नावावर समुद्राचा तुकडा नसतो. जाळं कुठं लावायचं हे गावकीच्या वहिवाटीनं ठरतं आणि तिचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळत नाही. नुकसानभरपाईची चर्चा सुरू झाली की पहिलं भांडण यावरच होतं की नुकसान कुणाचं आणि किती, हे लिहायचं कशाच्या आधारावर.